सीटॅब, सोनं आणि साचा काढायची घाई

गेल्या अंकात तेलकट पातेलं राखेने का निघतं ते सांगताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले, की साबणाच्या पाण्यात धातूचे अतिसूक्ष्म कणसुद्धा घडवता येतात. त्या एका वाक्यावर नऊ पत्रं आली. राखेबद्दल एकही नाही. पाच इथे घेतली आहेत. संपादकांनी दिलेल्या जागेतली बरीचशी मी एका मुलीला देणार आहे, बाकीच्यांनी राग मानू नये. तिचं सबमिशन मार्चमध्ये आहे, तुमचं नाही.

नव्या वाचकांसाठी एवढंच: मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते. इथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारे कॅटॅलिस्ट, तपासण्यात गेली. मी प्राध्यापक नाही. जे हातून गेलं आणि जे हातून बिघडलं, त्यावरून लिहिते.

ताई, साबण धातू स्वच्छ करतो हे कळतं. तो धातू घडवतो कसा? आणि इतका बारीक करून मिळतं काय?
*— एक गृहिणी, लष्कर, ग्वाल्हेर*

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पैशाचं गणित तिथे आहे.

एक ग्रॅम प्लॅटिनम म्हणजे साधारण मुगाच्या दाण्याएवढा तुकडा. त्याचा सगळा बाहेरचा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच एका ग्रॅमचे पाच नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) गोल कण केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ५६ चौरस मीटर होतो. म्हणजे सहाशे चौरस फूट, आमच्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. धातू तेवढाच, किंमत तेवढीच. रासायनिक क्रिया घडते ती फक्त पृष्ठभागावर. आत दडलेले अणू म्हणजे लग्नात नुसते जेवायला आलेले पाहुणे, कामाला हात लावणार नाहीत. १४७ अणूंचा एक नेटका कण घेतला, तर त्यातले ९२ अणू बाहेर असतात. कण वाढत गेला की हे प्रमाण झपाट्याने उतरतं.

अडचण अशी की असे कण एकटे राहत नाहीत. उघडा पृष्ठभाग धातूला सोसत नाही. दोन कण भेटले की चिकटतात, चारांचा गोळा आठांचा होतो, आणि संध्याकाळपर्यंत तळाशी काळा गाळ. त्यांना घडता घडताच वेगळं ठेवणारं कोणीतरी लागतं. तिथे साबण येतो.

माझे आजोबा कलाभवनात रंगकाम शिकले. सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली सुरू केलेलं तेच कलाभवन. आजोबांच्या कोटाला कायम एक उग्र, तेलकट वास असायचा. तो टर्की रेड ऑइलचा, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. एरंडेलावर गंधकाम्ल घालून ते करतात. पाण्यात मिसळणारं तेल! रंगाऱ्यांना त्याने लाल रंग कापडात मुरवता यायचा. माणसाने कारखान्यात बनवलेल्या पहिल्या सर्फॅक्टंटांपैकी, म्हणजे साबणाच्या जातीच्या द्रव्यांपैकी, ते एक. घरचा साबण, रिठ्याचा फेस आणि आजोबांचं ते तेल, सगळे एकाच कुळातले: रेणूचं एक टोक पाण्याचं लाडकं, दुसरं टोक शेपटीसारखं लांब आणि पाण्याला बिचकणारं.

असे रेणू पाण्यात थोडे असले तर इकडेतिकडे भटकतात. एका मर्यादेपुढे संख्या गेली की शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून गोल धरतात. या गोलाला मिसेल म्हणतात. आमच्या गावात याचं उदाहरण शोधायला जावं लागत नाही. गरब्याचं मैदान उघडलं की आधी चार पोरी नुसत्या उभ्या असतात. पुरेशा जमल्या की आपोआप वर्तुळ होतं. मग ते वर्तुळ रात्रभर दिसतं, पण त्यातली माणसं तीच नसतात: कोणी पाणी प्यायला बाहेर पडली, कोणी मधेच शिरली. मिसेल अगदी तसंच. गोल टिकतो, रेणू सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात बदलत राहतात.

आता हेच उलटं करा. भरपूर तेल, त्यात चमचाभर पाणी आणि सर्फॅक्टंट. आता डोकी आत वळतात आणि मधोमध पाण्याचा एक इवलासा थेंब पकडून बसतात. यासाठी प्रयोगशाळेत एओटी नावाचा सर्फॅक्टंट फार वापरतात. (तोच पदार्थ डॉक्टर बद्धकोष्ठतेवरही देतात. आमच्या प्रयोगशाळेत यावर जे विनोद व्हायचे ते इथे छापण्यासारखे नाहीत.) एका एओटी रेणूमागे पाण्याचे दहा रेणू धरले, तर थेंब साधारण तीन-साडेतीन नॅनोमीटरचा. पाणी वाढवा, थेंब फुगतो. एका भांड्यातल्या थेंबांत धातूचा क्षार, दुसऱ्यातल्या थेंबांत त्याचा धातू करणारं हायड्रॅझीनसारखं द्रव्य. दोन्ही एकत्र केलं की थेंब एकमेकांवर आपटतात, क्षणभर जुळतात, माल बदलतात, सुटतात, आणि आत धातूचा कण तयार होतो. स्वीडनमध्ये बुतोने, किझलिंग आणि स्टेनिअस यांनी १९८२ साली या वाटेने प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम आणि इरिडियमचे तीन ते पाच नॅनोमीटरचे कण केले, आणि तेही उत्प्रेरकासाठीच.

पुस्तकं याला साचा म्हणतात. तो शब्द अर्धाच खरा आहे. मोदकाचा साचा हलत नाही. हा साचा सतत मोडतो आणि जुळतो, म्हणून कण बरोबर थेंबाच्याच मापाचा येईल याची हमी नाही. पुढचं पत्र नेमकं तिथेच अडलं आहे.

काकू, मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी सीटॅब या सर्फॅक्टंटच्या पाण्यात सोन्याचे कण केले. क्षाराचा धातू करणाऱ्या बोरोहायड्राइडने आधी बी-कण, मग ॲस्कॉर्बिक आम्लाने वाढवले. लाल रंग सुंदर आला, उजेड शोषणाचं पीक ५२२ नॅनोमीटरला. पण ४-नायट्रोफिनॉलच्या चाचणीत (कण काम करत असले की त्याचा पिवळा रंग बोरोहायड्राइडने जातो) पहिली सात-आठ मिनिटं काहीच होत नाही, मग पिवळा रंग रेंगाळत जातो. गाइड म्हणाले, सीटॅब जास्त आहे, धुऊन काढ. सेंट्रिफ्यूजला एकदा फिरवून धुतलं, थोडा फरक पडला. दुसऱ्यांदा धुतलं तर सगळं जांभळं-काळं होऊन नळीला चिकटलं. आता जानेवारीत नवी बॅच करायला घेतली, तर सीटॅबच्या बाटलीत पांढऱ्या सुया! माझे कणच वाईट आहेत का?
*— एम.एस्सी. रसायनशास्त्र, प्रतापगंज, वडोदरा*

अगं, कण छान आहेत. ५२२ ला पीक म्हणजे गोल, सुटे, नीट घडलेले. तुझं भांडण कणांशी नाही, त्यांच्या अंगरख्याशी आहे.

आधी सुया, कारण ते सगळ्यात सोपं. सीटॅब साधारण २५ अंशांच्या खाली पाण्यातून स्फटिक होऊन बाहेर पडतो. जानेवारीत सकाळी आपल्याकडे पारा बारा-तेरावर उतरतो, आणि तुमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या उत्तरेकडे असतील तर बघायलाच नको. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी हेच पाहून पुरवठादाराला भेसळीचं खरमरीत पत्र लिहायला बसले होते. मसुदा टाइपही झाला. दुपारी बाटलीवर ऊन आलं आणि सुया गायब. पत्र फाडलं, साहेबांना कोणी सांगितलं ते अजून माहीत नाही, पण निवृत्तीच्या भाषणात त्यांनी तो किस्सा सांगितलाच. तर बाटली तीस अंशांच्या पाण्यात ठेव, हलक्या हाताने फिरव, पूर्ण निवळली की मगच वापर. फ्रिजमध्ये कधीच ठेवू नकोस. आणि सुया गाळून तर मुळीच टाकू नकोस, कारण मग उरलेल्या पाण्यात सीटॅब किती हे देवालाच ठाऊक. कण वाढवतानाही भांडं २७ ते ३० अंशांवर धर.

आता अंगरखा. सोन्यावर सीटॅबचा एक थर नसतो, दोन असतात. पहिल्याची डोकी सीटॅबमधल्याच ब्रोमाइडच्या मध्यस्थीने सोन्याला टेकलेली, शेपट्या बाहेर. त्या शेपट्यांत शेपट्या अडकवून दुसरा थर, त्याची डोकी पाण्याकडे. म्हणून कणावर बाहेरून धन भार असतो आणि कण एकमेकांना ढकलून दूर राहतात. तुझं नायट्रोफिनॉल बोरोहायड्राइडच्या अल्कधर्मी पाण्यात ऋण भाराचं होतं. ते बाहेरच्या डोक्यांकडे धावत येतं खरं, पण सोन्यापर्यंत पोचायला दोन थर ओलांडावे लागतात. नवरात्रात न्यायमंदिरापर्यंत रिक्षा मिळते, मांडवीच्या आत पायीसुद्धा शिरता येत नाही, तसं.

सात-आठ मिनिटांचा सगळा दोष मात्र सीटॅबला देऊ नकोस. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तयार होणारा माल परत मागे नेतो. बोरोहायड्राइडने तो ऑक्सिजन संपवेपर्यंत वरवर काही घडत नाही. काही अभ्यासक म्हणतात, त्या वेळात धातूच्या पृष्ठभागावरचे अणू आपल्या जागा बदलून घेतात. तुझ्या हातात एक सोपी परीक्षा आहे: क्युव्हेटमधल्या, म्हणजे चाचणीच्या छोट्या पारदर्शक नळीतल्या, द्रावणातून पंधरा मिनिटं नायट्रोजन सोड आणि मग चाचणी कर. थांबा आठवरून तीनवर आला, तर पाच मिनिटं ऑक्सिजनची होती. प्रबंधात तो थांबा झाकून ठेवू नकोस. किती मिनिटं ते लिही, आणि दर काढताना लॉगरिदमची सरळ रेष थांब्यानंतरच्या भागावरच टाक. बोरोहायड्राइड भरपूर जास्त असतं म्हणून क्रिया पहिल्या कोटीची, म्हणजे दर फक्त उरलेल्या नायट्रोफिनॉलवर ठरणारी, दिसते, तेवढ्यासाठीच ही चाचणी सोपी. खरगपूरच्या ताराशंकर पाल यांच्या गटाने २००२ मध्ये चांदीच्या कणांवर नायट्रो संयुगांची हीच क्रिया केली. आज बहुतेक जण नवीन कण केला की आधी याच पिवळ्या पाण्यात टाकून बघतात. ४०० नॅनोमीटरचं पीक उतरतं, ३०० जवळ नवं उगवतं, आणि नुसतं बोरोहायड्राइड दिवसभर ठेवलं तरी पिवळा जात नाही.

धुण्याचा हिशेब तू केला नाहीस म्हणून फसलीस. बघ. तू सुरुवात ०.१ मोलर सीटॅबने केलीस, म्हणजे १०० मिलिमोलर. पहिल्या फेरीत वरचं पाणी काढून वीस भागांतला एक भाग उरला असेल आणि त्यावर तू साधं पाणी भरलंस. उरला ५ मिलिमोलर. ठीक. दुसऱ्या फेरीत परत तेच: ०.२५ मिलिमोलर. सीटॅबला मिसेल धरायला साधारण १ मिलिमोलर लागतं. त्याच्या खाली गेलीस की बाहेरच्या थरातले रेणू पाण्यात परत जायला लागतात, कारण गरब्यातून बाहेर पडलेल्यांच्या जागी नव्या येत नाहीत. अंगरखा उसवला, कण चिकटले, रंग जांभळा. दुसऱ्या फेरीत साध्या पाण्याऐवजी १ ते २ मिलिमोलर सीटॅबचं पाणी घाल, काळं होणार नाही.

पण यानेही कण उघडे पडत नाहीत, फक्त जिवंत राहतात. म्हणून माझं सांगणं असं: धुण्याआधी त्यांना बसव.

आई उकडीच्या मोदकांसाठी पितळी साचा वापरायची, कारण सगळ्यांनाच काही अकरा पाकळ्या जमत नाहीत. मी लहानपणी घाईने साचा उघडायचे आणि अर्धा मोदक एका फाळीला, अर्धा दुसऱ्या. ती म्हणायची, तुपाचं बोट लाव, खालून आधार दे, मग उघड. खालून आधार, तेवढंच लक्षात ठेव. तुझ्याकडे तो आधार म्हणजे सिलिका पावडर. फार आम्लधर्मी पाणी सोडलं तर सिलिकाच्या अंगावर ऋण भार असतो, तुझ्या कणांवर धन. एकदा धुतलेले कण सिलिकाच्या पाण्यात घालून तासभर ढवळ. पाणी रंगहीन आणि पावडर गुलाबी झाली की कण बसले. पहिली धुलाई टाळू नकोस, नाहीतर मोकळा सीटॅबच सिलिकावरच्या जागा अडवून बसतो आणि सोनं पाण्यातच राहतं. मग गाळून कोमट इथेनॉलने तीन-चार वेळा धू. आता सीटॅब गेला तरी कण एकमेकांपर्यंत चालत जाऊ शकत नाहीत, प्रत्येकजण आपापल्या पाटावर बसलेला आहे. थोडं ब्रोमाइड तरीही सोन्याला धरून राहील. राहू दे, ते लिही.

कोणीतरी तुला सांगेल, भट्टीत जाळून टाक, सीटॅब आपोआप जाईल. ऐकू नकोस. हे मी स्वतः केलं आहे. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ साली एमसीएम-४१ जाहीर केलं: सीटॅबसारख्या सर्फॅक्टंटच्या मिसेलांभोवती सिलिका गोठवायची, मग साडेपाचशे अंशांच्या आसपास सर्फॅक्टंट जाळायचा, आणि उरतात मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी बोगदे, काही नॅनोमीटर रुंदीचे. एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या घरातला पृष्ठभाग! तिथे साचा जाळणं बरोबर होतं, कारण मागे राहणारी सिलिका त्या आचेला दाद देत नाही. मी शहाणपणा करून पॅलेडियम आधीच सर्फॅक्टंटबरोबर आत घातलं आणि सगळं मिळून ५५० अंशांवर सहा तास ठेवलं. दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या आलेखात पावागडासारखा पसरट दिसणारा उंचवटा सुईसारखा टोकदार झाला होता. एक्स-रेत पसरट म्हणजे बारीक कण, टोकदार म्हणजे मोठे. चार नॅनोमीटरचे वीसच्या वर गेले. साचा गेला आणि मूर्तीही गेली. सोन्याचं तर आणखी नाजूक. ढेकळाएवढं सोनं १०६४ अंशांना वितळतं, पण काही नॅनोमीटरच्या कणातले अणू त्याच्या फार आधी चुळबुळ करायला लागतात.

परीक्षकांपुढे जाताना तीन क्युव्हेट वेगळ्या दाखव. एकीत सोनं नाही. दुसरीत सीटॅब लावून धुतलेली सिलिका, पण सोनं नाही. तिसरी महत्त्वाची: चाचणी अर्ध्यावर असताना पावडर गाळून टाकायची आणि गाळलेल्या पाण्यात पिवळा पुढे उतरतो का ते बघायचं. उतरला तर सोनं पावडरीवरून सुटून पाण्यात काम करतंय, आणि तुझा सगळा दावा बदलतो. बोरोहायड्राइड दर वेळी ताजं, बर्फाच्या पाण्यात केलेलं. बाटलीचं झाकण घट्ट लावू नकोस, त्यातून हायड्रोजन निघत असतो. आमच्याकडे एकदा एक झाकण छताला जाऊन आपटलं होतं. लावणारी मीच.

आमच्या युनिटमध्ये नायट्रो संयुगाचं हायड्रोजनेशन रेने निकेलवर होतं. मुलगा परदेशातून शिकून आला आहे. तो म्हणतो, सर्फॅक्टंटमध्ये नॅनो निकेल करून वापरू, निम्म्या धातूत काम होईल. करावं का?
*— एक उद्योजक, मकरपुरा जीआयडीसी, वडोदरा*

मुलगा चुकीचं बोलत नाही, पण त्याने अजून पिंप धुतलेलं नाही.

वर ज्या मुलीला उत्तर दिलं तिचा हिशेब उघडून बघा. तिच्या प्रकारच्या पाककृतीत १०० मिलिलिटरला ३.६ ग्रॅम सीटॅब लागतो, आणि त्यातून निघणारं सोनं सुमारे ५ मिलिग्रॅम. म्हणजे धातूच्या सातशेहून जास्त पट साबण. प्रबंधाला चालतं, पिंपाला नाही. हा साबण नंतर जाणार कुठे? सीटॅब माशांना आणि पाण्यातल्या जिवांना घातक आहे. तुमच्या सांडपाण्याच्या टाकीत घाण खाणारे जे जिवाणू तुम्ही पोसता, त्यांनाही तो मारतो. विश्वामित्रीतल्या मगरी आधीच पुष्कळ सोसतायत. शिवाय फेस. दाबाखालच्या रिॲक्टरमध्ये हायड्रोजनचे बुडबुडे आणि साबण एकत्र आले की काय होतं, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही, वॉशिंग मशीन पुरतं. आणि निकेल म्हणजे सोनं नव्हे. बारीक निकेल हवा लागताच ऑक्साइड होतं.

गंमत अशी, की तुम्ही आज जे वापरता तेही साच्यातूनच येतं. मरे रेने या अमेरिकन अभियंत्याने १९२७ च्या पेटंटमध्ये निम्मं निकेल आणि निम्मं ॲल्युमिनियम असा मिश्रधातू घेतला आणि कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिनियम विरघळवून टाकलं. मागे राहिला निकेलचा स्पंज, छिद्राछिद्रांचा. तेलाचं तूप करणाऱ्या कारखान्यांसाठी त्याने ही खटपट केली होती. इथे ॲल्युमिनियम हाच साचा, आणि तो काढायला स्वस्त कॉस्टिक पुरतो. म्हणूनच जवळजवळ शंभर वर्षं ते टिकलंय. वाळू देऊ नका, पेट घेतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्या कोयली रिफायनरीसारख्या ठिकाणी पेट्रोल सुधारणाऱ्या रिफॉर्मिंग युनिटांतही प्लॅटिनम बसवतात ते साध्या रीतीने. ॲल्युमिनाच्या गोळ्या क्लोरोप्लॅटिनिक आम्लात भिजवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, हायड्रोजनने धातू करायचा. शंभर ग्रॅम गोळ्यांत प्लॅटिनम अर्ध्या ग्रॅमच्याही आत. साबणाचा थेंब नाही.

मग सर्फॅक्टंटची वाट कोणासाठी? जिथे कणाचा आकारच निवड करतो तिथे. ब्रोमाइडच्या सोबतीत पॅलेडियमचे कण चौकोनी, घनासारखे होतात. दुसऱ्या द्रव्यांत अष्टफलकी होतात. दोघांच्या अंगावर अणूंची मांडणी वेगळी, म्हणून एकच क्रिया दोघांवर वेगळी चालते. महाग धातू, छोटी बॅच, महाग औषधी माल, आणि नको असलेला जुळा पदार्थ टाळायचा असेल, तर मुलाला शंभर मिलिलिटरवर खेळू द्या. अट एकच घाला: कण आधारावर बसवलेले हवेत, आणि तोच उत्प्रेरक दहा वेळा परत वापरून दहाव्या बॅचचा आकडा त्याने तुमच्या टेबलावर ठेवायचा. पहिल्या बॅचचा आकडा सगळ्यांचाच छान असतो. निम्म्या धातूचं म्हणाल, तर रेने निकेल दर वेळी किती घालता आणि किती वेळा परत वापरता, हे आधी तुमच्याच लॉगबुकात बघा. बऱ्याच ठिकाणी बचत तिथेच सापडते.

नॅनो चांदीचं पाणी रोज दोन चमचे घेतलं तर शक्ती वाढते असं म्हणतात. तुम्ही त्यातल्या आहात, घ्यावं का?
*— एक ज्येष्ठ वाचक, रावपुरा, वडोदरा*

नाही. मी त्यातली आहे म्हणूनच नाही. चांदी अंगात साठत गेली की कातडी राखाडी-निळी पडते आणि ती परत उजळत नाही. बाटली बंद करा, आत्तापर्यंत घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगा. घरची चांदीची वाटी आहे ना, तिच्यात श्रीखंड खा.

सोनं पिवळं असतं, मग त्याचे बारीक कण लाल का दिसतात? आमच्या बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी कळेल.
*— इयत्ता सातवी, इंदूर*

पुढच्या वर्षीही नाही कळलं तर हिरमुसू नकोस, मला नोकरी लागल्यावर कळलं.

सोन्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण इवलासा असला की उजेड पडल्यावर ते सगळे मिळून पुढेमागे झुलतात, वाटीत पाणी हिंदकळतं तसे. छोट्या गोल सोन्याच्या कणात हा झोका हिरव्या उजेडाच्या ठेक्याशी जुळतो, म्हणून कण हिरवा शोषून घेतो आणि आपल्याकडे पोचतो तो लाल. चांदीचा झोका निळ्या-जांभळ्याशी जुळतो, म्हणून तिचं पाणी पिवळं दिसतं. कण एकमेकांना चिकटले की ठेका बदलतो आणि लालाचं जांभळं होतं. वरच्या ताईच्या नळीत तेच झालं.

मायकेल फॅराडेने १८५० च्या दशकात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असं लाल पाणी केलं आणि १८५७ साली त्यावर व्याख्यान दिलं. फॉस्फरसने सोन्याचा क्षार मोडून त्याने ते केलं होतं, साबणाशिवाय. कण डोळ्याला दिसत नव्हते, तरी हे सोनंच आहे असं तो ठामपणे म्हणाला. त्याच्या काही बाटल्या तिथे अजून जपून ठेवल्या आहेत. पाणी अजून लाल आहे.